चौल बंदर आणि रोमन व्यापारी
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)





प्राचीन रोमन लोकांविषयी बोला, असे मला सुचविण्यात आले तेव्हा माझ्या मनात प्रथम हाच प्रश्न आला की, रेवदंड्याच्या मुलांना रोमशी काय देणेघेणे? पण याचे उत्तर आपल्या वेशीवरच आहे. ते म्हणजे आपले चौल.

इ. स. पूर्व 30 मध्ये इजिप्त देश रोमच्या ताब्यात आला आणि तांबड्या समुद्राची वाट रोमन व्यापाऱ्यांना मोकळी झाली. स्ट्रॅबो हा त्या काळचा भूगोलकार लिहितो की, तेथील एका बंदरातून वर्षाला 120 जहाजे हिंदुस्थानाकडे निघत. ती साधारण जुलैत निघत, मोसमी वाऱ्यावर इकडे येत आणि वारा फिरला की हिवाळ्यात परत जात. हा 'मोसम' शब्द अरबीतून आला आहे, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

ही जहाजे काय आणीत? इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्याचांदीची नाणी. येथून काय नेत? मिरी, हस्तिदंत, सुती कापड, रंगीत खडे. पैठणचे खडे आणि तेरचे कापड गाड्यांत भरून भडोच बंदरापर्यंत जाई. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने तक्रार केली आहे की, हिंदुस्थान दरवर्षी आमचे 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. हा आकडा केवढा? त्या शतकाच्या आरंभी रोमन शिपायाला वर्षाला 900 सेस्टर्स मिळत. म्हणजे सुमारे 55 हजार शिपायांचा वर्षाचा पगार झाला!

या व्यापाराच्या खुणा आजही दिसतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत.

आता चौलकडे वळू. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'पेरिप्लस'. कोणत्या बंदरात काय विकते, कोठे धोका आहे, हे त्यात सांगितले आहे. कल्याणनंतर त्याने 'सेमुल्ला' हे बंदर नोंदले आहे. तेच आपले चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या शतकात टॉलेमीने भूगोलाचा मोठा ग्रंथ लिहिला. तो स्वतः इकडे कधी आला नाही. पण येऊन गेलेल्यांना विचारून त्याने टिपून ठेवले की, आम्ही ज्याला सिमुल्ला म्हणतो त्याला तेथील लोक तिमुला म्हणतात. आणि आपल्या बाजूचा पुरावा? कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांनी आपले गाव 'चेमुल' असे दगडात कोरून ठेवले आहे.

ही ज्ञानाची साखळी पुढे मुसलमानांच्या हाती आली. अब्बासी खलिफांच्या काळात टॉलेमीचे ग्रंथ अरबीत आले. ज्या अल-ख्वारिझ्मीने बीजगणिताचा ग्रंथ रचला, त्यानेच टॉलेमीच्या भूगोलात सुधारणा केल्या. त्यानंतर हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी स्वतः चौलला आला. तो या बंदराला 'सैमूर' म्हणतो. येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, काही येथेच जन्मलेले, तर काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. आणि त्यांचे तंटे मिटविण्यास राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असे त्याने लिहिले आहे.

बंधू-भगिनींनो, येथे थोडे थांबून विचार करा. मद्य संपले, कापड कुजले, गलबते बुडाली, ज्या साम्राज्याचा एवढा दरारा होता तेही लयाला गेले. उरले ते लिहिलेले. पेरिप्लसमध्येच आणखी एक गोष्ट आहे. भडोचच्या खाडीत शिरणे फार धोक्याचे. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन समोर जात आणि परदेशी जहाजे उथळ जागा चुकवीत आत आणीत. म्हणजे पाण्याचे खरे ज्ञान कोणाजवळ होते? त्या कोळ्यांजवळ. पण पुस्तक लिहिले परदेशी व्यापाऱ्याने, आणि त्या कोळ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

आपल्या समाजाचेही असेच झाले. आपल्या किनाऱ्यावरच्या नाखवा आणि तांडेलांना वारा, भरती-ओहोटी, तारे, खडक सारे तोंडपाठ होते. ते ज्ञान त्यांच्याबरोबर कबरीत गेले. आपला इतिहास आज आपल्याला ग्रीक आणि अरबी पुस्तकांतून शोधावा लागतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. दहावी झाली की मुलाला होडीवर किंवा आखातात धाडण्याची घाई करू नका. मुलीची शाळा "आता पुरे" म्हणून बंद करू नका. घरात पैसा हवा, हे मला कळते. समुद्रापार जाऊन कमावणे ही आपली जुनी रीत आहे, त्यात कमीपणा नाही. पण माल वाहणारा आणि मालाचा हिशेब लिहिणारा, यांत जग कोणाला ओळखते, ते आपण आत्ताच पाहिले. आपल्या धर्मात पहिल्या वहीतच वाचनाची आज्ञा आणि कलमाचा उल्लेख आहे, याचा आपल्यालाच विसर पडू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक काम सांगतो. या सुट्टीत एक वही घ्या. आजोबा-आजींजवळ बसा. त्यांना माहीत असलेल्या वाऱ्यांची, माशांची, जुन्या गलबतांची, मोहल्ल्यातल्या जागांची नावे त्यांच्याच बोलीत लिहून काढा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. पेरिप्लस लिहिणारा काही मोठा पंडित नव्हता; तो साधा व्यापारी होता. त्याने फक्त पाहिलेले लिहून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण रेवदंड्यात त्याची आठवण काढत आहोत.



खुदा हाफिज. जय हिंद.