टाकलेल्या राणीची गोष्ट

आज गोष्ट सांगणार आहे ती आठशे वर्षांपूर्वीच्या एका राणीची. देश लांबचा, फ्रान्स. पण ऐकताना तुमच्यातली एखादी म्हणेल, अगं ही तर आमच्या वाडीतलीच वाटते.

राणीचं नाव इंगेबोर्ग. माहेर डेन्मार्क, उत्तरेकडचा समुद्राकाठचा थंड मुलूख. वडील राजा वाल्देमार, आई सोफिया. वडील 1182 साली वारले आणि थोरला भाऊ क्नुद गादीवर बसला. इंगेबोर्ग सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा फ्रान्सच्या राजाकडून तिला मागणी आली. राजा फिलिप सत्तावीस वर्षांचा, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, घरात पाच वर्षांचा मुलगा. त्याचं इंग्लंडशी वैर होतं आणि डेन्मार्ककडे होती जहाजं. सोयरीक कशावर ठरली ते तुम्हाला सांगायला नको. हुंडा ठरला 10,000 मार्क चांदी.

14 ऑगस्ट 1193 ला आमिआं या गावी लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तिचा राणी म्हणून अभिषेक होता. तो चालू असतानाच राजाचा चेहरा पांढरा पडला, अंगाला कापरं सुटलं, आणि त्यानंतर तो म्हणाला, ही मला नको.

का? याला आजपर्यंत नीट उत्तर नाही. ती देखणी, शांत, भली होती असं त्या काळच्या लोकांनी लिहिलंय. पुढे राजाची माणसं म्हणू लागली की चेटूक झालं होतं. नवऱ्याला बायको नकोशी झाली की चेटूक कुठून तरी निघतंच, नाही का!

तीन महिन्यांच्या आत राजाने आपल्या मर्जीतले बिशप आणि सरदार जमवले. आपल्याकडे सोयरिकीत गोत्र बघतात, तसं तिकडे जवळच्या नात्यात लग्न चालत नसे. सभेत एक वंशावळ मांडली गेली. त्यात इंगेबोर्ग राजाच्या पहिल्या बायकोची नात्यातली निघते, म्हणून लग्न रद्द. ती वंशावळ खोटी होती. आणि मैत्रिणींनो, ही पोरगी त्याच सभेत बसलेली होती. तिला फ्रेंच येत नव्हतं. माहेरची माणसं परत गेलेली. काय ठरलं ते दुभाष्याने सांगितल्यावर ती रडली आणि मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये एवढंच बोलली, की फ्रान्स वाईट, रोम, रोम!

रोम म्हणजे पोप, म्हणजे त्या काळचं सगळ्यात वरचं कोर्ट. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. भाषा नाही, माणूस नाही, पण दाद कुठे मागायची हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिने सगळ्यांसमोर बोलून ठेवलं. ती गप्प राहिली असती तर तिची संमती आहे असंच धरलं गेलं असतं.

तिची रवानगी मठात झाली. पोटासाठी तिला अंगावरचे कपडे आणि भांडी विकावी लागली, असं एका बिशपनेच पत्रात लिहून ठेवलंय. माहेरच्यांनी मात्र तिला टाकलं नाही. भावाची माणसं खरी वंशावळ घेऊन रोमला गेली आणि 1195 साली पोपने राजाचा निकाल रद्द केला. परतताना त्या माणसांना राजाने वाटेत पकडवून कोंडलं. कागदाची ताकद राजालाही कळत होती.

तरी 1196 साली राजाने पुन्हा लग्न केलंच. या बायकोचं नाव आग्नेस. तिला मुलगी झाली, मुलगा झाला. आग्नेसला दोष देऊ नका बरं का. तिलाही सांगितलं गेलं होतं की आधीचं लग्न मोडलंय.

मग नवा पोप आला, इनोसंट. त्याने 1200 साली राजाच्या मुलखातली धर्मकार्यं बंद केली. घंटा थांबल्या, मयतांना पवित्र जमीन मिळेना. राजाच्या स्वतःच्या मुलाचं लग्न इंग्लंडच्या राजाच्या हद्दीत जाऊन लावावं लागलं. काही महिन्यांत राजा नमला, पण वरवर. पुढच्या वर्षी आग्नेस वारली. पोपने तिची मुलं औरस मानली, ते बरं झालं. आता तरी इंगेबोर्गची वाट मोकळी व्हायला हवी होती. राजाने तिला एताम्पच्या किल्ल्यात ठेवली, ती बारा वर्षं.

तिथून तिने पोपला पत्रं पाठवली. भेटायला कुणी येऊ देत नाहीत, पोटभर जेवण नाही, अंगावर धड कपडा नाही, अंघोळीची सोय नाही, आजारपणात वैद्य नाही. एवढ्या हालातही तिने दोन गोष्टी सोडल्या नाहीत. लग्न झालं, संसाराची पहिली रात्रही झाली, मी बायको आहे आणि मी राणी आहे. राजा म्हणायचा, आमचा संबंधच आला नाही. तिने एकदा मान डोलावली असती तर सुटली असती, मानाने माहेरी गेली असती. काहींना हा हट्ट वाटतो. मला विचाराल तर, मान डोलावली असती तर खोटी ती ठरली असती.

1213 साली राजाने तिला परत राणी म्हणून मान दिला. प्रेम उपजलं म्हणून नव्हे. इंग्लंडवर स्वारी करायची होती, डेन्मार्क पुन्हा हवा होता. संसार काही झाला नाही. लग्नात अठराची असलेली बाई आता अडतिसाची झाली होती.

1223 मध्ये राजा वारला. मृत्युपत्रात त्याने तिच्या नावाने 10,000 लिव्र ठेवले होते. त्यानंतर ती कॉर्बेई गावाजवळ स्वतः वसवलेल्या मठात दहा वर्षांहून जास्त राहिली, राजाची विधवा राणी म्हणून, मानाने.

तिचं प्रार्थनेचं पुस्तक अजून आहे, फ्रान्समधल्या शांतिई गावच्या संग्रहालयात. सोन्याच्या वर्खाची सुंदर चित्रं आहेत त्यात. त्यातल्या दिनदर्शिकेत तिच्या आईवडिलांच्या मृत्यूच्या तिथी लिहिलेल्या आहेत. आणि त्याच पुस्तकात, 1214 साली तिच्या नवऱ्याने जिंकलेल्या लढाईचीही नोंद आहे.