पाकिटावरचा ‘मॉडिफाइड स्टार्च’

आमच्या बचत गटात उन्हाळ्यात कुरडया, एरवी टोमॅटो सॉस आणि चिंचेची चटणी, दिवाळीला बॉम्बे हलवा असं काम चालतं. परवा एक विक्रेता पांढऱ्या पावडरीची गोणी घेऊन आला. म्हणाला, ‘ताई, हा मॉडिफाइड स्टार्च. सॉसला पाणी सुटणार नाही, आणि कॉर्नफ्लोअरपेक्षा स्वस्त.’ गोणीवर ना कंपनीचं नाव, ना कुठला नंबर. आम्ही ती घेतली नाही. पण हे नेमकं असतं काय, ते मात्र समजून घेतलं. तेच आज सांगतो.

स्टार्च आपल्याला नवा नाही. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, वाटून गाळतो आणि रात्रभर ठेवून वरची निवळ ओतून देतो. खाली बसतो तो चीक, म्हणजेच गव्हाचा स्टार्च. मक्यापासून काढला की कॉर्नफ्लोअर. (गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पिवळं पीठ वेगळं, त्यानं सॉस दाटवू नका.) टॅपिओकाच्या कंदापासून काढतात त्याचा साबुदाणा होतो. तमिळनाडूत सेलमकडे तो मोठ्या प्रमाणावर बनतो.

चीक शिजवताना एका क्षणी तो अचानक घट्ट होतो ना? साधारण ६० ते ७५ अंशांवर स्टार्चचे बारीक दाणे पाणी पिऊन फुगतात, म्हणून. पण तेच दाणे चिंच किंवा व्हिनेगरबरोबर खूप वेळ उकळले, की फुटतात आणि सॉस पुन्हा पातळ होतो. आणि नुसता थंड करून ठेवला तरी काही दिवसांनी आतल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, पाणी बाहेर ढकलतात. सॉसच्या बाटलीत वर दिसतं ते हेच पाणी.

कारखान्यात यावर तोड काढतात. एका प्रकारात दाण्याच्या आतल्या साखळ्यांना मधेमधे जोड देतात. गोधडीला धावदोरा घातला की आतल्या चिंध्या सरकत नाहीत, तसं समजा. असा दाणा आंबटात आणि उकळीत टिकतो. सॉसच्या पाकिटावर १४२२ किंवा १४४२ हे आकडे दिसतात, ते या जातीचे. दुसऱ्या प्रकारात उलट करतात. कोमट पाण्यात, न शिजवता, सौम्य आम्लानं साखळ्या आखूड करतात, मग आम्ल मारून, धुऊन वाळवतात. हा स्टार्च गरम असताना पातळ राहतो आणि गार झाल्यावर पक्का बसतो. जेलीच्या गोळ्या साच्यात ओतायला हाच लागतो. त्याचा आकडा १४०१. तिसरा प्रकार आधीच शिजवून वाळवलेला. पोहे जसे गार पाण्यात भिजतात, तसा हा गार दुधातही दाटतो.

म्हणजे हे विष नाही. नियमात बसवलेला आणि लेबलवर सांगावा लागणारा घटक आहे. पण घरी करायचा पदार्थही नाही. आम्ल आणि इतर रसायनं मोजून घालायची, धुऊन काढायची, काही उरलं का ते प्रयोगशाळेत तपासायचं, हे आपल्या पातेल्यात होणारं काम नव्हे. कोणी कृती सांगितली तरी करू नका.

खरा धोका त्या बिननावाच्या गोणीत आहे. स्टार्च कापडाला खळ द्यायला आणि कागदालाही लागतो. तो खाण्यासाठी तपासलेला नसतो, आणि दिसायला अगदी तसाच. म्हणून गोणीवर ‘फूड ग्रेड’, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, बॅच आणि तारीख असेल तरच घ्या, बिलासकट. आपल्या पदार्थात तो चालतो का, हेही आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि कशापासून केलाय, तेही विचारा. उपासाच्या पदार्थात मक्याचा स्टार्च गेला आणि गिऱ्हाइकाला नंतर कळलं, तर ती बाई पुन्हा आपल्याकडे येणार नाही. गव्हाचा असेल तर लेबलवर तसं लिहावंच लागतं, कारण काहींना गहू सोसत नाही.

आमचं मत विचाराल तर हलव्याला याची गरज नाही. तो आठवड्यात संपतो आणि साध्या कॉर्नफ्लोअरचाच छान चिवट होतो. कुरडईला तर नाहीच. सॉस मात्र दुकानात महिनोन्‌महिने राहणार असेल, तर विचार करण्यासारखं आहे.

त्यासाठी आम्ही एकाच घाण्याचा सॉस दोन भागांत करणार आहोत, एक साध्या कॉर्नफ्लोअरचा, एक फूड ग्रेड स्टार्चचा. पावडर आधी गार पाण्यात कालवायची, मग उकळत्या सॉसमध्ये. दोन्ही बाटल्यांवर तारीख घालून फळीवर ठेवायच्या आणि दर आठवड्याला वर पाणी आलं का ते वहीत लिहायचं. तुम्हीही करून बघा, आणि काय दिसलं ते केंद्रावर कळवा.