सत्तर कॅसेटी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी कळवलं होतं. माझी क्षेत्रं दोन. बँकेतली नोकरी, ती संपली. चर्चची गायनमंडळी, ती चालू आहे. बँकेवर बोललो तर तुम्ही जेवायला उठाल, म्हणून गाण्यांवर बोलतो. खरं तर एका चोरीवर. तिचा साक्षीदार इथे तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने मान खाली घालू नये. त्याने मजुरी घेऊन काम केलं, चोर मी होतो.

गोष्ट 1987 च्या नाताळची. आपली दहावी होऊन सहा वर्षं झाली होती. मी आमच्या चर्चच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गायकांनी मराठी ख्रिस्ती गीतांची कॅसेट काढली. त्यांचं नाव सांगत नाही. पेटी घेऊन गावोगावच्या मंडळ्यांत गाणारा माणूस. जी बिदागी मिळेल तिच्यावर घर. कर्ज काढून पुण्याला स्टुडिओ घेतला, तबला-बासरीवाल्यांचे पैसे चुकते केले आणि पाचशे कॅसेटी तयार करून आणल्या. किंमत वीस रुपये.

आमच्या संघाने त्यातली एक विकत घेतली.

ती घेऊन मी कापड बाजारात गेलो. आपल्या या मित्राचं तिथे रेकॉर्डिंगचं दुकान होतं, हे तुम्हाला आठवत असेल. आपण सगळेच सिनेमाच्या गाण्यांची यादी लिहून त्याच्याकडे देत होतो. त्याच्याकडे डबल डेक होता. मी साठ मिनिटांच्या सत्तर कोऱ्या कॅसेटी त्याच्यासमोर ठेवल्या. चार दिवस त्याचं मशीन त्याच कामाला. कव्हर झेरॉक्स केलं आणि वर मी माझ्या अक्षरात लिहिलं: सुवार्तेसाठी मोफत. तेव्हा त्याने हसत विचारलं, "तुमच्या देवाला चालतं का रे हे?"

मी त्याला वचन ऐकवलं. आपल्याला बाईंनी मत्तयाचा दहावा अध्याय पाठ करून घेतला होता. आठव्या ओवीत प्रभू शिष्यांना सांगतो, की तुम्हाला फुकट मिळालं आहे, तर फुकट द्या. झालं. मित्र गप्प बसला, आणि मला वाटलं आपण साक्ष दिली.

बाई, तुम्ही अख्खा अध्याय पाठ करून घेतला होतात. मी आठव्या ओवीवर थांबलो. त्याच अध्यायात, दोनच ओव्या पुढे, काम करणाऱ्याला त्याचं अन्न मिळायलाच हवं असं तोच प्रभू सांगतो. लूकने तीच गोष्ट मजुरीच्या शब्दांत लिहिली आहे. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हा नियम तर मोशेच्या काळापासूनचा. आम्ही त्या माणसाच्या बैलाला मुसकं बांधलं आणि वर म्हणालो, धान्य देवाचं आहे.

यात मला आजही बोचतं ते असं. कोऱ्या कॅसेटींसाठी मी मंडळीत वर्गणी काढली होती. म्हणजे प्लास्टिकचे पैसे दिले, मित्राची मजुरी दिली, झेरॉक्सवाल्याचेही दिले. फक्त गाणाऱ्याचे दिले नाहीत, कारण तो "आपला" होता, सेवेतला होता.

पुढच्या वर्षी ते आमच्याकडे गायला आले. पहिल्याच गाण्याला सगळी मंडळी त्यांच्याबरोबर गाऊ लागली. बायका, पोरं, सगळ्यांना कडवी पाठ. त्यांचे डोळे भरून आले. उपासना झाल्यावर त्यांनी दारापाशी कॅसेटींचं खोकं उघडलं. लोक येत, हात मिळवत, आनंदाने सांगत, "आमच्या घरी आहे की!" एकाने तर खिशातून काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, कव्हरवरचं अक्षर वाचलं आणि परत दिली. बोलले काहीच नाहीत. मी बाकं सरळ करत राहिलो. त्यांनी दुसरी कॅसेट काढली नाही.

आता कोणी म्हणेल, गाणी घरोघरी गेली हा त्यांचा लाभ नाही का? आहे. ते रडले ते खोटं नव्हतं. पण फुकट द्यायचं की नाही हे ज्याचं आहे त्याने ठरवायचं. मी उदार झालो तो दुसऱ्याच्या खिशातून.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण चर्चमध्ये याबाबत फार गोंधळ आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले. त्यांच्या गीतांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही. कोणीही छापावं, कोणीही गावं. पण तेच गीत कोणी आज नव्याने रेकॉर्ड केलं, तर त्या ध्वनिमुद्रणावर साठ वर्षं हक्क असतो. "गाणं टिळकांचं आहे, मग कॉपी करायला काय हरकत?" हे मी बैठकींत शंभरदा ऐकलं आहे. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्या धार्मिक विधीत गाणं गायला, वाजवायला सूट आहे. ती सूट वेदीपाशी. सत्तर प्रती काढायला नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत शिकागोच्या कॅथलिक चर्चांनी एका छोट्या प्रकाशकाची गीतं घरगुती पुस्तकांत छापून वापरली. ख्रिस्ती लोक प्रेमावरून ओळखले जातील, या अर्थाचं तिकडचं प्रसिद्ध गीत त्याच प्रकाशकाचं. 1976 मध्ये तो कोर्टात गेला. 1984 मध्ये ज्यूरीने तीस लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. अपिलात त्यातली मोठी रक्कम टिकली नाही. पण चर्चं जागी झाली. 1988 मध्ये तिकडे चर्चसाठी एकत्रित परवान्याची संस्था निघाली. चर्चने आपल्या आकारमानाप्रमाणे वर्षाचे पैसे भरायचे, त्यातून गीतकारांना वाटा. आमच्या पुण्याच्या गायनमंडळीत मी हा विषय काढला, तेव्हा एक तरुण म्हणाला, "अंकल, व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खा अल्बम आला आहे, तुम्ही कुठे पैसे भरता!" त्याला काय बोलणार? माझंच अक्षर मला दिसलं.

निवृत्त झाल्यावर मी त्या गायकांचा पत्ता काढला. आठवीत नाताळच्या नाटकात मी जक्कय झालो होतो, हे तुम्ही विसरला नसाल. उंबराच्या फांदीवरून खाली पडलो होतो. जक्कयने चौपट परत दिलं. सत्तर कॅसेटी, वीस रुपये, चौदाशे. चौपट छपन्नशे. पाकिटात घालून गेलो. म्हातारे झालेत, ऐकू कमी येतं. सगळं मोठ्याने सांगावं लागलं. शेजारचे ऐकत होते.

मला वाटलं होतं, ते हात जोडतील, नको म्हणतील. त्यांनी पैसे मोजले. चौदाशे बाजूला काढले, बाकीचे माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, "माझी किंमत वीसच होती." मग विचारलं, "त्यातलं कुठलं गाणं जास्त म्हणायचे लोक?" मी सांगितलं, बी साइडचं दुसरं. ते म्हणाले, "ते शेवटच्या दिवशी घाईत केलं होतं."

निघताना त्यांनी माळ्यावरचं खोकं दाखवलं. मी एक कॅसेट मागितली. त्यांनी हात पुढे केला. मी वीस रुपये दिले.

ती ही, माझ्या पिशवीत आहे. इतक्या वर्षांत टेपचं काय झालं असेल कोण जाणे. वाजवायला माझ्याकडे मशीन नाही. पण तिसऱ्या रांगेतला आपला मित्र सांगतो, त्याचा जुना डेक अजून चालतो आणि त्याने तो आज गाडीत आणला आहे. जेवणं झाली की व्हरांड्यात लावू. तुम्हाला ऐकवण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करायची विचारायचं राहिलं, तेव्हा तेवढं करू नका.