अंधारातला जागल्या

गावगाड्यात जागल्याची नेमणूक असे ती रात्रीसाठी. दिवसा सारा गावच जागा असतो. दिवे मालवल्यावर जो जागा राहतो, तोच खरा पहारेकरी. आजच्या शहरांत ही कामगिरी कॅमेऱ्याकडे आली आहे. परंतु वीज गेली की ऐन काळोखात हा नवा जागल्या डोळे मिटून घेतो, आणि आपण झोपी गेलो होतो हे कोणाला सांगतही नाही.

हैदराबाद शहराने ह्या पहाऱ्यावर मोठा भरवसा ठेवला आहे. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगर येथे बॉम्बस्फोट झाले. त्याच वर्षी तत्कालीन आंध्र प्रदेश राज्याने सार्वजनिक सुरक्षिततेचा कायदा केला आणि गर्दीच्या ठिकाणी कॅमेरे बसवून त्यांचे चित्रण ३० दिवस जपून ठेवण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. पुढे ४ ऑगस्ट २०२२ रोजी बंजारा हिल्स भागात पोलिसांच्या भव्य नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. परंतु ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत ह्याच शहरातील अनेक वसाहती जलमय झाल्या, इमारतींची ‘सेलर’ पाण्याने भरली आणि वीज बंद ठेवावी लागली. चित्रण साठविणारे यंत्र अशा तळघरात ठेवणे म्हणजे दप्तर नदीच्या पात्रात मांडण्यासारखेच होय. ते वरच्या मजल्यावर, कुलूपबंद जागीच असावे.

वीज जाणे आणि इंटरनेट जाणे ह्या दोन भिन्न आपत्ती आहेत. घरातल्या रेकॉर्डरला चित्रण करण्यास इंटरनेट लागत नाही. ते नसल्यास केवळ दूरवरून पाहता येत नाही. मात्र जो कॅमेरा आपले चित्रण थेट दूरच्या साठवणकेंद्राकडे धाडतो, तो संपर्क तुटताच निरुपयोगी ठरतो. अशा कॅमेऱ्यात स्मृतिपत्र, म्हणजे मेमरी कार्ड, अवश्य बसवावे.

विजेचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. प्रत्येकी ६ वॅटचे चार कॅमेरे, १६ वॅटचा रेकॉर्डर आणि १० वॅटचा राउटर मिळून ५० वॅट होतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. त्यातील निम्मीच हाती लागते असे धरले, तर पहारा पाऊण तासाच्या थोडा पुढे टिकतो. तीच बॅटरी १५० अँपिअर-तासांची असेल, तर सुमारे अठरा तास निभावतात. पंखे आणि दूरचित्रवाणी त्याच इन्व्हर्टरवर चालविल्यास ही मुदत झपाट्याने घटते.

पुष्कळदा रेकॉर्डर इन्व्हर्टरवर असतो, पण कॅमेऱ्यांचे अॅडॉप्टर साध्या विजेवर राहतात; मग यंत्र चालू आणि चित्र काळे! ह्यास्तव सुट्टीच्या दिवशी, रात्री, मुख्य बटण दहा मिनिटे बंद करून नंतर चित्रण पाहावे. घड्याळाची वेळही तपासावी. चुकीच्या वेळेचे चित्रण न्यायालयात घोटाळा निर्माण करते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

हा प्रश्न केवळ चोरी पकडण्याचा नाही. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. जेथे वीज अथवा इंटरनेट नाही, तेथे सौर किंवा पवनऊर्जेनेही ती सोय करण्याचे कर्तव्य सरकारांवर टाकले. चित्रण १८ महिने, आणि तितके शक्य नसल्यास किमान एक वर्ष, राखण्यास सांगितले. कोठडीत एकट्या बसलेल्या माणसाची बाजू सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतोच. तेथे वीज गेल्याची सबब त्याच्या जिवावर बेतू शकते.

चोराच्या मनात चांदणे असते, असे आपल्याकडे म्हणतात; वीज गेलेली रात्र त्याला सोयीचीच. म्हणून भिंतीवर कॅमेऱ्यांची संख्या वाढविण्यापूर्वी, आहे तो कॅमेरा अंधारात किती वेळ जागा राहतो, हे प्रत्येक घराने, दुकानाने आणि ठाण्याने आधी पाहावे. साक्षीदार हजर असणे पुरेसे नाही; तो त्या घटकेला जागा असला पाहिजे.