कधी आलास? परत कधी?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कुणी चुकून 'जातो' म्हणालंच, तर घरातलं म्हातारं माणूस लगेच दुरुस्त करतं, 'जातो नाही रे, येतो म्हण.' आमच्या कोकणात या एका शब्दाच्या भरवशावर कितीतरी घरांनी पन्नास-पन्नास वर्षं काढली आहेत. आज मला बोलायचं आहे ते या 'येतो'बद्दल. म्हणजे परदेशी गेलेल्या माणसानं परत यावं की न यावं, आणि यायचं तर कधी, याबद्दल.

माझं गाव बाणकोटच्या खाडीकाठी, मंडणगड तालुक्यात. आमच्या भागातला मुसलमान फार जुना प्रवासी. कोणी आगबोटीवर खलाशी झाला, कोणी मुंबईच्या गोदीत लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातली काही कुटुंबं थेट दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊन राहिली. स्वतःला 'कोकणी' म्हणवणारा समाज तिथं आजही आहे. पुढं १९७३ साली तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामांचा धडाका सुरू झाला आणि आमची मुंबईची वाट तिकडे वळली. मीही त्याच वाटेनं गेलो. दापोलीहून बी. ए. झालो, काही वर्षं मुंबईत काढली आणि १९९५ साली सौदी अरेबियात दम्मामला एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागलो. तिथून परतलो २०१८ साली. तेवीस वर्षं झाली होती.

परदेश म्हणजे सगळे देश सारखेच, असं आपण बोलताना धरून चालतो. तसं नाही. अमेरिकेला, कॅनडाला किंवा इंग्लंडला गेलेला माणूस पुढं तिथला नागरिक होऊ शकतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळं त्या दिवशी आपला पासपोर्ट त्याच्या हातून सुटतो. २००५ पासून अशांसाठी ओसीआय कार्डाची सोय झाली. त्यावर येता येतं, राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तरीही परतायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाच्या हातात असतो.

आखातातल्या माणसाचं गणित वेगळं. तिथं तुम्ही तीस वर्षं राबा, तुमची मुलं तिथंच जन्मू द्या, तुमचा मुक्काम नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की मुक्काम संपला. अलीकडं यूएईनं २०१९ पासून दहा वर्षांचा 'गोल्डन व्हिसा' वगैरे द्यायला सुरुवात केली आहे, पण तो पैसेवाल्यांसाठी आणि खास गुणवंतांसाठी. गोदामातल्या स्टोअरकीपरसाठी नाही. म्हणजे आमचं परतणं पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. फक्त तारीख कोरी असते. आणि कोरी तारीख फार दगा देते.

ती पुढं कशी सरकते ते सांगतो. पहिली दोन वर्षं एजंटाचं कर्ज फेडण्यात जातात. मग बहिणीचं लग्न येतं. मग गावचं घर. कौलं काढून स्लॅब घालायचा असतो. मग मुलांची शाळा. तिथला कायदाही पायात पाय घालतो. सौदीत नोकरी सोडताना जी सेवासमाप्तीची रक्कम मिळते, ती पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या पगाराच्या हिशेबानं आणि त्यानंतर दरवर्षी पूर्ण महिन्याच्या पगाराच्या हिशेबानं. त्यामुळं पाच वर्षं झालेला माणूस म्हणतो, आता तर खरी पुंजी जमायला लागली, अजून दोन वर्षं थांबू. माझ्या खोलीतले सगळे 'अजून दोन वर्षं'वाले होते. त्यांतला एक तेहतीस वर्षं राहिला.

कधीकधी तारीख दुसरंच कोणी टाकतं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावं लागलं. आमच्या भागातली माणसं त्यात होती. कित्येक जण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. आणि परिस्थिती निवळताच त्यांतले बरेच पुन्हा गेले, कारण घराचा स्लॅब अर्धाच पडला होता.

आमची तारीख एका फीनं आणली. जुलै २०१७ पासून सौदीत परदेशी नोकरदाराच्या कुटुंबावर कर बसला. माणशी महिना शंभर रियाल. दरवर्षी त्यात शंभराची वाढ, २०२० पर्यंत चारशे. माझी बायको आणि तीन मुलं, म्हणजे पहिल्या वर्षी चार हजार आठशे रियाल, दुसऱ्या वर्षी नऊ हजार सहाशे आणि चौथ्या वर्षी एकोणीस हजार दोनशे. स्टोअरकीपरच्या पगारात हे बसेना. त्या वर्षी आमच्या इमारतीत रोज कुणाच्या तरी दारात खोकी बांधलेली दिसायची. कोणी बायको-मुलांना पाठवून पुन्हा बॅचलर खोलीत राहायला जात होतं, कोणी सगळं आवरून निघत होतं.

आम्ही दोघांनी एका वहीत दोन रकाने पाडले. थोरली मुलगी बारावीला होती. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी भारतात यावं लागणारच होतं. गावी आई एकटी होती. पैशाचा रकाना मात्र उलट बोलत होता. मग माझ्या बायकोनं एक वाक्य उच्चारलं, ते मी वहीत लिहिलं नाही, पण आजवर विसरलेलो नाही. ती म्हणाली, "तुम्ही परत जाताय ते मुलगा म्हणून. मी परत गेले की सून होणार. इथं मी टीचर आहे." ती तिथल्या भारतीय शाळेत शिकवत होती. तिची स्वतःची कमाई होती, मैत्रिणी होत्या. परतीची चर्चा आपल्याकडे नेहमी पुरुषाच्या नोकरीवरून होते. बाईचं काय सुटणार आहे, हे कोणी विचारत नाही. आम्ही ठरवलं की आधी मंडणगड, दापोलीतल्या शाळांकडे तिच्या नोकरीची चौकशी करायची आणि मगच माझा राजीनामा. त्यात चार महिने गेले. ते वाया गेले असं मला वाटत नाही.

दुसरं एक कारण होतं, ते रकान्यात बसणारं नव्हतं. माझे वडील २००९ साली गेले. आमच्यात दफन थांबवत नाहीत. सकाळी मयत झाली तर दुपारच्या नमाजानंतर माती देतात. त्या काळी सौदीतून बाहेर पडायला मालकाच्या संमतीनं परतीच्या परवान्याचा शिक्का लागायचा, आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. शिक्का, तिकीट, मुंबई, मग रात्रभराचा रस्ता. मी पोचलो तेव्हा तिसऱ्या दिवसाची जियारत चालू होती. कब्रीवरची माती सुकून तिला भेगा पडल्या होत्या. आमच्या गावात अशी कितीतरी माणसं आहेत, ज्यांना आईबापाला तीन मुठी माती देता आलेली नाही. ते याबद्दल बोलत नाहीत. सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी कब्रस्तानात मात्र जातात.

काही नातेवाईक दबक्या आवाजात आणखी एक विचारत. "सध्याचे दिवस बघतोस ना? आपल्या माणसानं आत्ता परत यावं का?" हा प्रश्न मी झटकून टाकला नाही. तो बोलून दाखवणारी माणसं घाबरट नव्हती, त्यांनाही मुलंबाळं होती. पण आमच्या सात-बारावर माझ्या पणज्याचं नाव आहे. दम्मामला मी तेवीस वर्षं भाडेकरू होतो. तिथं आम्हा सगळ्या भारतीयांना 'हिंदी' म्हणत. नायर असो, शेख असो, पाटील असो, सगळे हिंदी. गावात पाऊल ठेवलं की मी पुन्हा कोकणी, मुसलमान, मराठी कवी आणि 'दुबईवाला' होतो. दुबईला मी फक्त विमान बदलायला उतरलो आहे, पण ते असो! या चारही नावांनी मला हाक मारणारी माणसं ज्या गावात आहेत, तिथं भांडायलासुद्धा बरं वाटतं.

परतल्यावर काय होतं? पहिला प्रश्न येतो, "कधी आलास?" दुसरा लगेच, "परत कधी?" तेवीस वर्षं मी याची उत्तरं देत आलो होतो. आता दुसऱ्याला उत्तर नव्हतं. महिनाभर लोकांना वाटलं, लांब रजा आहे. तिसऱ्या महिन्यात कुजबूज सुरू झाली, नोकरी गेली वाटतं. सहाव्या महिन्यात कोणी विचारेनासं झालं आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीची पावती घेऊन शिपाई माझ्याच नावानं हाक मारत आला. त्या दिवशी मी खरा गावात आलो.

बँकेतही तेच. एनआरई खातं आता चालणार नाही, ते निवासी खातं करावं लागलं, आणि त्यावरच्या करमुक्त व्याजाला रामराम ठोकावा लागला. परकीय चलनातच पैसे ठेवायचे तर आरएफसी खातं उघडता येतं, हे मला एका जाणकारानं सांगितलं. पाहुणेपणाचे फायदे संपतात आणि घरच्यासारखा कर भरावा लागतो. तो हिशेब मला रास्त वाटतो.

सगळ्यात अवघड गेलं मुलांना. मधला मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. पहिल्याच पावसाळ्यात पाच दिवस वीज नव्हती. तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही परत आलात. मी परत आलेलो नाही. मी इथं पहिल्यांदाच राहायला आलोय." त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आईबापांचं जे परतणं, ते मुलांचं देशांतर असतं. त्यांचे मित्र, त्यांची गल्ली, क्रिकेटचं मैदान, सगळं तिकडं राहिलेलं. गाव त्यांच्यासाठी मे महिन्यातला आंबा आणि आजी, एवढंच. आपण स्वतः नोकरीसाठी पहिल्यांदा गेलो तेव्हा जसं रडलो होतो, तसंच त्यांना रडू द्यावं लागतं.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. कौलं, पत्रे, पोफळी, आंब्याची झाडं, काही शिल्लक ठेवलं नाही. आमच्या मोहल्ल्यात कुलूप लावलेली कितीतरी घरं होती. मालक कुवेतला, दोहाला, दम्मामला. नेहमीची विमानं करोनामुळं बंद, सरकारनं मे महिन्यात सुरू केलेल्या 'वंदे भारत' विमानांसाठी भल्या मोठ्या याद्या. आम्ही गावात होतो तेवढे जण शिड्या घेऊन एकेका घरावर ताडपत्री बांधत हिंडलो. माझा मुलगा सगळ्यांच्या पुढं होता. छपरांचे फोटो काढून तो मालकांना पाठवायचा. त्यांतल्या एकानं फोनवर मला विचारलं, "माझ्या घरात पाणी कुठवर आलंय?" लाखो रुपये घालून बांधलेल्या त्या घरात तो माणूस आयुष्यात मिळून दोन वर्षंही राहिला नव्हता.

२०२२ च्या पावसाळ्यात आई गेली. माती माझ्या हातची होती.

जे आज तिकडे बसून विचार करत असतील, किंवा ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांना मी चार गोष्टी सांगेन. परतायचं की नाही हे मे महिन्याच्या सुट्टीत ठरवू नका. जुलैत या, दीड महिना राहा, दवाखाना किती लांब आहे ते पाहा, मग ठरवा. घर आधी मोठं बांधू नका, पुंजी विटांत अडकते. बायकोला आणि मुलांना वेगवेगळं विचारा, एकत्र विचारलंत तर सगळे तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देतील. आणि रकमेचा आकडा ठरवू नका, तारीख ठरवा. आकडा कधीच पुरा होत नाही, तारीख मात्र येते.

आणि ज्यांनी पूर्ण विचार करून तिकडेच राहायचं ठरवलं, त्यांना नावं ठेवू नका. त्यांच्या मनीऑर्डरींनी इथल्या शाळांची छपरं शाकारली आहेत. परतणं हे काही पुण्य नव्हे. ज्याला जमलं त्याचं ते नशीब आणि थोडीफार घरच्यांची तयारी.

परवा शेजारचा एक मुलगा निरोप घ्यायला आला. दोहाला नोकरी लागली आहे. "चाचा, येतो," म्हणाला. मी त्याला विचारलं, "कधी?" तो हसला. मी त्याला कॅलेंडर दाखवलं आणि म्हटलं, "हसू नकोस. एक वर्ष सांग, मी लिहून ठेवतो." त्यानं थोडा विचार करून २०३३ सांगितलं. ते मी भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.