नव्या पक्ष्याला वेगळी खोली



पशुवैद्यकांच्या अधिवेशनाला दुकानदार आणि ब्रीडर एवढ्या संख्येने आले आहेत, याचा मला आनंद आहे. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे, ते काम आपल्यापैकी कुणालाही एकट्याने जमणारं नाही.

पक्ष्यांच्या साथीचा विषय निघाला की आपल्याकडे नवापूर आठवतं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात कोंबड्यांमधला एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, म्हणजे आपल्याच नाशिक महसूल विभागात. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तेच झालं. २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आणि पुन्हा नवापुरात बर्ड फ्लू आला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, तेही एच५एन१नेच. त्या तडाख्यांनी पोल्ट्रीवाल्यांना शिस्त लावली. आज सिन्नर-निफाडकडच्या चांगल्या शेडच्या दारात जंतुनाशकाचं भांडं असतं, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, रोजची मर वहीत लिहिली जाते. त्याच तालुक्यांच्या बाजारपेठेत, आपल्या नाशिक शहरातल्या पक्ष्यांच्या दुकानात यातलं किती पोचलं? फार थोडं. हे मी दोष द्यायला सांगत नाही. दुकानदाराला हे कुणी शिकवलंच नाही, आणि त्यात आम्हा डॉक्टरांचा वाटा मोठा आहे.

पक्षी दुकानात येतो कसा ते बघा. एखाद्याच्या गच्चीवरच्या पिंजऱ्यातून निघतो, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात जातो, तिथे दहा ठिकाणच्या पक्ष्यांत मिसळतो आणि रात्रीच्या गाडीने जाळीच्या खोक्यात दाटीवाटीने इकडे येतो. वाटेत पाणी नाही, झोप नाही, उकाडा किंवा थंडी. सकाळी शटर उघडलं की नवे बजी (बजरीगर पोपट) जुन्या बजींच्या पिंजऱ्यात सोडले जातात, कारण जागा तेवढीच असते. पिंजरे एकावर एक. वरच्याची विष्ठा आणि राळ्याची टरफलं खालच्याच्या पाण्यात. सगळ्यांना एकच मग, एकच झाडू, वर फिरणारा पंखा. कॉकाटीलच्या पिसांची पांढरी पूड त्या पंख्याने दुकानभर होते, ती तुम्ही काउंटरवर रोज पुसता.

आता यात सिटॅकोसिस या आजाराचा जिवाणू घाला. क्लॅमिडिया सिटासी हे त्याचं नाव. पोपटाच्या कुळातले कित्येक पक्षी तो अंगात बाळगतात आणि वरून ठणठणीत दिसतात. प्रवासाचा, गर्दीचा, उपासमारीचा ताण पडला की विष्ठेतून आणि नाकातल्या स्रावातून तो बाहेर पडू लागतो. विष्ठा वाळली तरी तो बराच काळ तग धरतो आणि धुळीबरोबर श्वासात जातो. म्हणजे जिवाणू बाहेर पडायला लागणारी सगळी परिस्थिती आपण त्या रात्रीच्या गाडीत तयार करतो, आणि सकाळी त्या पक्ष्याला दुकानाच्या मधोमध आणून ठेवतो.

हा आजार माणसाला होतो, हे ग्राहकाला सांगायला दुकानदार घाबरतो. मला वाटतं, सांगायलाच हवं. १९२९च्या नाताळात अमेरिकेतल्या ॲनापोलिस गावी एका घरात भेट म्हणून पोपट आला आणि घरची माणसं न्यूमोनियासारख्या तापाने अंथरुणाला खिळली. देशभर अशी घरं सापडू लागली, तेव्हा वॉशिंग्टनच्या सरकारी हायजीनिक लॅबोरेटरीत तपास सुरू झाला. आजारी पोपट तळघरात ठेवले होते. तरी वरच्या मजल्यांवरची, पक्ष्यांना हातही न लावलेली माणसं आजारी पडली. शास्त्रज्ञ चार्ल्स आर्मस्ट्राँग मरता मरता वाचले, त्यांचे सहायक हेन्री अँडरसन गेले. मार्च १९३० मध्ये ती इमारत रिकामी करून विषारी धुराने निर्जंतुक करावी लागली. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज डॉक्सीसायक्लिन आहे, माणूस बरा होतो. अट एवढीच, की हा आजार डॉक्टरांच्या मनात यायला हवा. न्यूमोनियावर नेहमी देतात त्यातली पेनिसिलीनच्या कुळातली औषधं इथे चालत नाहीत. आपल्या शहरात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या शिक्षकांना माझी या व्यासपीठावरून विनंती आहे : न उतरणारा ताप, कोरडा खोकला, प्रचंड डोकेदुखी घेऊन रुग्ण आला तर ‘घरात पक्षी आहेत का?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला शिकवा. आणि आम्ही पशुवैद्यकांनी आजारी पक्षी तपासताना ‘घरात कुणाला ताप आहे का?’ असं उलट विचारायला हवं.

औषधाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. दोन पक्षी सुस्त दिसले की टेट्रासायक्लिनची पूड पाण्यात टाकायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पाणी पिवळं होतं, दुकानदाराचं समाधान होतं. पण बजी हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला पक्षी, मुळातच थोड्या पाण्यावर भागवणारा. आजारी असेल तर आणखी कमी पितो. चव बदलली तर पीतच नाही. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला असतो, त्यातलं कॅल्शियम हे औषध बांधून टाकतं आणि ते रक्तात पोचत नाही. सिटॅकोसिसचा ठरलेला उपचार आहे सलग ४५ दिवसांचा. आपण पाचव्या दिवशी थांबतो, कारण पक्षी चिवचिवायला लागलेला असतो. तो बरा झालेला नसतो, जिवाणू दबलेला असतो, आणि असा पक्षी आपण एखाद्या घरातल्या लहान मुलाच्या हातात देतो. मित्रहो, न तपासता, वजन न करता, फोनवर औषध सांगणं आपण डॉक्टरांनी बंद केलं पाहिजे.

काही आजारांना तर औषधच नाही. चोच आणि पिसांचा सर्कोव्हायरस घ्या. पिल्लाची पिसं वेडीवाकडी येतात, गळतात, आणि विषाणू पिंजऱ्याच्या धुळीत दीर्घकाळ टिकून राहतो. ब्रीडर मंडळी नर-मादी ओळखायला पिसं प्रयोगशाळेत पाठवतातच. त्याच खेपेला या विषाणूची तपासणी करून घेता येते. लाखाची जोडी घेणाऱ्याला तो खर्च जड नाही. कबुतरांमधली मानमोडी, म्हणजे मान पिरगळणारा पॅरामिक्सो विषाणू, हा कोंबड्यांच्या राणीखेतचाच भाऊबंद. १९७१ ते ७३ या काळात कॅलिफोर्नियात राणीखेतची भयंकर साथ आली, तिचा माग परदेशातून आणलेल्या शोभेच्या पक्ष्यांपर्यंत गेला आणि सुमारे एक कोटी वीस लाख कोंबड्या मारायची वेळ आली. नाशिक हा पोल्ट्रीचा जिल्हा आहे. शेडवर काम करणारा मुलगा घरी बजी किंवा कबुतरं पाळत असेल, तर दुकान आणि शेड यांच्यात अंतर उरलं कुठे? पोल्ट्री कंपन्यांनी आपल्या कामगारांशी याबद्दल बोलावं, आणि बोलताना पक्ष्यांच्या आवडीचा अपमान करू नये.

आणखी एक अवघड गोष्ट. आपला हिरवा, लाल कंठाचा पोपट पकडणं, विकणं, पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तरी ढोलीतून काढलेली पिल्लं चोरून विकली जातातच. ती पिल्लं ज्या पिशवीतून येतात त्याच पिशवीतून नंतर परदेशी पक्षीही येतात. असा पोपट आजारी पडला तर भीतीपोटी कुणी आमच्याकडे आणत नाही. चोरटा धंदा असतो तिथे रोग कुणाच्याच नजरेला पडत नाही. सचोटीने धंदा करणाऱ्यांनी या व्यवहाराला पाठीशी घालणं थांबवावं, यात त्यांचंच हित आहे. २०१८च्या पेट शॉप नियमांनी राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आणि नोंदवह्या सक्तीच्या केल्या आहेत. वही इन्स्पेक्टरसाठी ठेवायची असं समजू नका. कुठल्या खेपेतले किती पक्षी कधी मेले हे लिहिलेलं असेल तर आम्हाला रोगाचं मूळ सापडतं.

आणि मेलेला पक्षी फेकू नका. हे मी हात जोडून सांगते. साबणाच्या थंड पाण्यात तो भिजवा, म्हणजे पिसांची धूळ उडत नाही आणि शरीर लवकर थंड होतं. दोन पिशव्यांत बांधा, बर्फाच्या डब्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरकडे आणा. मास्क लावा. निरोगी बजीची प्लीहा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असते. सिटॅकोसिसमध्ये ती कित्येक पटींनी सुजलेली सापडते, यकृत मोठं आणि डागाळलेलं, हवेच्या पिशव्यांचा पारदर्शक पडदा गढूळ. एका मेलेल्या पक्ष्यात जे दिसतं त्यावरून उरलेले चाळीस वाचवता येतात. एकाएकी बरेच पक्षी मेले तर मात्र काहीही उघडू नका, हलवू नका, विकू नका. थेट पशुसंवर्धन विभागाला कळवा. तिथे २००९चा संसर्गजन्य पशुरोगांचा कायदा लागू होतो.

या सगळ्याच्या मुळाशी जो उपाय आहे तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : नवा पक्षी तीस दिवस वेगळ्या खोलीत. वेगळा पिंजरा पुरत नाही, खोलीच वेगळी हवी. वेगळी भांडी, वेगळा झाडू, साफसफाई आधी पाणी शिंपडून मग, आणि काम नेहमी जुन्या पक्ष्यांकडून नव्यांकडे. मला तुमचं उत्तर ठाऊक आहे. ‘मॅडम, दुकानच दहा बाय बाराचं, भाडं भरता भरता नाकी नऊ येतात, वेगळी खोली आणू कुठून? आणि तीस दिवस न विकता खायला घालू कुठून?’ ही अडचण खरी आहे. म्हणून मी असं सुचवते, की शहरातल्या दुकानदारांनी मिळून, वस्तीपासून आणि पोल्ट्री शेडपासून लांब, एक जागा भाड्याने घ्यावी. तिच्यात स्वतंत्र हवा असलेल्या निदान चार खोल्या असाव्यात. एका खोलीत एकच खेप. ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत आणि खोली धुऊन वाळेपर्यंत दुसरी आत नाही. हा नियम मोडला तर ती जागा क्रॉफर्ड मार्केटच होईल, त्यापेक्षा न काढलेली बरी. आम्ही डॉक्टरांनी पाळीपाळीने आठवड्यातून एकदा तिथे विनामूल्य तपासणी करावी. पहिली पाळी माझी. तीस दिवस पूर्ण केलेल्या पक्ष्याबरोबर तारखेचं आणि डॉक्टरच्या सहीचं कार्ड द्यावं आणि त्याचे पैसे जास्त घ्यावेत. ग्राहक देईल. आठ दिवसांत मेलेल्या पक्ष्यापायी रडणारं मूल ज्याने घरी पाहिलं आहे, तो नक्की देईल.

दुपारच्या सत्रात ही सूचना ठराव म्हणून मांडली जाईल. त्याच्यावर कडाडून चर्चा करा. भाडं कसं वाटायचं, चावी कुणाकडे, खेप नाकारण्याचा अधिकार कुणाला, हे आजच ठरवा. पावसाळ्यात मर वाढते, त्याआधी निदान दोन खोल्या सुरू व्हाव्यात. जागा बघायला जाणाऱ्यांची नावं जेवणाच्या सुटीत माझ्याकडे द्या.