सोन्याच्या मुलखातील बारा दिवस
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात काशीद येथे केलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला, आयुष्यभर प्राथमिक शाळेत खडू हाती धरलेला मनुष्य. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. तथापि गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयतांनी जो प्रवास केला, त्यात जे पाहिले ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून चिटणीसांच्या आग्रहास मान देऊन उभा आहे.

हल्ली चालतेफिरते घर म्हणावे अशी मोटार भाड्याने मिळते. तिला कॅरव्हॅन म्हणतात. आपल्या राज्य शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. आमच्या जावईबापूंनी तशी एक गाडी चालकासह ठरवून दिली. आत दोन बिछाने, पाण्याची टाकी व गॅसची शेगडी. सौभाग्यवतींनी तांदळाचे पीठ, कोकम आणि सोडे बरोबर घेतल्यामुळे मुक्काम कोठेही पडला तरी जेवण मात्र काशीदचेच होते.

पेण, खोपोली, पुणे, सोलापूर असे करीत आम्ही विजापुरास पोहोचलो. पुढे कृष्णा ओलांडून इरकलला गेलो. तेथे लुगडी पाहण्यात अर्धा दिवस गेला, हे सांगावयास नकोच! तेथून लिंगसुगूरमार्गे रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे आलो. देशात आजही खडकातून सोने काढणाऱ्या प्रमुख खाणींपैकी ही एक. येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही खाणकाम होत होते. त्या काळी सुरुंग नव्हते. खडकापाशी मोठा जाळ करावयाचा, तो तापला की त्यावर पाणी ओतावयाचे, आणि तडकलेला दगड फोडून, दळून, धुऊन त्यातून कण वेचावयाचे, अशी रीत होती. अशाच श्रमाने आपले पूर्वज शेकडो फूट खोल गेले होते.

जवळच मस्की येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. १९१५ साली तो उजेडात आला, तो बीडन नावाच्या सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या अभियंत्यामुळे. इतर बहुतेक लेखांत ‘देवांचा प्रिय’ एवढीच पदवी असे. मस्कीच्या लेखात मात्र ‘अशोक’ हे नाव स्पष्ट कोरलेले सापडले आणि ती पदवी कोणाची याविषयीचा संशय फिटला. सोने शोधावयास निघालेल्याच्या हाती इतिहास लागला, तो असा.

तेथून चित्रदुर्ग व बंगळूर करून आम्ही कोलारला गेलो. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर कोलारही होते, हे आपल्या मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावे. कोलारच्या सुवर्णखाणींचे नाव तरुण मंडळींना २०१८ सालच्या चित्रपटामुळे ठाऊक झाले. पण खरी हकिकत त्याहून विलक्षण आहे. १८०२ साली जॉन वॉरेन या लष्करी अधिकाऱ्याने मारिकुप्पमच्या परिसरातील सोन्याची नोंद केली. १८८० साली जॉन टेलर यांची इंग्रज कंपनी तेथे उतरली आणि माळरानाचे शहर झाले. १९०२ साली शिवनसमुद्राच्या धबधब्यावर निर्माण केलेली वीज सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून या खाणींत आणली गेली. खुद्द बंगळूर शहरात वीज आली ती १९०५ साली!

चॅम्पियन रीफ ही खाण तर तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. तळाशी खडकाची उष्णता साठ अंशांच्याही वर. वरून थंड हवा सोडल्याशिवाय तेथे मनुष्य टिकत नसे. खडकाच्या दाबाने अकस्मात स्फोट होत व मजूर गाडले जात. दगडाच्या धुळीने अनेकांची फुप्फुसे कायमची निकामी झाली. बहुतेक मजूर तमिळ मुलखातील गरीब, दलित कुटुंबांतले होते. याच अंधारात १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह, वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा मागोवा घेतला.

सव्वाशे वर्षांत येथून सुमारे ८०० टन सोने निघाले. परंतु खोली वाढली तसा खर्च वाढला आणि दगडातील सोने घटत गेले. खाणी १९५६ साली राज्याकडे व १९६२ साली केंद्राकडे आल्या. शेवटी २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. आत जाता येत नाही. आम्ही बाहेरूनच गंजलेले मनोरे पाहिले, आणि सोने काढून उरलेल्या मातीच्या प्रचंड टेकड्या पाहिल्या. त्यांना लोक ‘सायनाइडच्या टेकड्या’ म्हणतात. वारा सुटला की त्यांची भुकटी घराघरांत शिरते.

मजुरांच्या चाळीत एका वृद्धेने आम्हांस कॉफी दिली. तिचा मुलगा पहाटेच्या गाडीने शंभर किलोमीटरवरील बंगळुरास कामाला जातो व रात्री परततो. हजारोंचा हाच क्रम आहे. सौभाग्यवतींनी तिच्या गळ्याकडे पाहिले. काळ्या दोऱ्याशिवाय तेथे काही नव्हते. गाडीत बसल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “सोन्याच्या गावात सोनं कुणाकडे राहिलं?”

बंधुभगिनींनो, हा प्रश्न मला काशीदविषयीही पडतो. आपली पांढरी वाळू, सुरूचे बन व सुपारीच्या वाड्या हे आपले सोने. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील सुपाऱ्या कशा आडव्या केल्या, ते आपण पाहिले. वादळात पडलेली बाग पुन्हा लावता येते, विकलेली जमीन परत येत नाही. पर्यटन वाईट नव्हे. आम्हीही पर्यटक म्हणूनच गेलो होतो. परंतु ज्या जागेचे आज आपण मालक आहोत, तेथेच उद्या आपल्या नातवाने पहारेकरी म्हणून उभे राहावे काय?

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याने देता येते का, हे प्रथम पाहावे. आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो मंडळातील जाणत्या दोघांना दाखवावा. दुसरी, विक्री अटळच असेल तर आलेल्या रकमेचा निश्चित भाग मुलामुलींच्या शिक्षणासाठी वेगळा ठेवावा. तिसरी, मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी निदान एका मुलास व एका मुलीस असा धंदा शिकवावा, जो एका गावावर वा एका मालावर अवलंबून नसेल.

कोलारचे मजूर आळशी नव्हते. त्यांच्याइतके कष्ट क्वचितच कोणी केले असतील. त्यांच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता, आणि सोन्याचा मालक नेहमी दुसराच कोणी होता. आपल्यापाशी आज मार्गही आहे आणि थोडी का होईना, जमीनही आहे. ती आहे तोवरच विचार व्हावा, एवढी विनंती करतो.